शेवटचं पिल्लू दाण्याला चोचच लावत नाही, काय करू?

वाघ्या_घेवडा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कोंबड्यांचा जुना धागा असेल तर हा तिकडे हलवा. मला सापडला नाही आणि शोधत बसायला वेळही नाही.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. आत्यांनी (सासूबाई) खुडूक कोंबडीखाली ११ अंडी ठेवली होती. शुक्रवारी दुपारपासून काल सकाळपर्यंत ८ पिल्लं निघाली, सगळी टुणटुणीत. नववं आज पहाटे निघालं. सकाळी आठला जाऊन बघते तर कोंबडी आठ जणांना घेऊन उकिरड्यावर, आणि हे एकटं टोपलीत, अर्धं ओलं, मान टाकून. मुंग्या लागायच्याच बाकी होत्या. उरलेल्या दोन अंड्यांतलं एक नुसतंच पाणी निघालं. दुसऱ्यात पिल्लू भरलं होतं, पण फोडून बाहेर आलंच नाही.

पिल्लू घरात आणलं. बुटाच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरलंय, वर नऊ वॅटचा बल्ब सोडलाय. दुपारपासून तांदळाच्या कण्या ठेवून झाल्या, ज्वारीची भरड ठेवून झाली, उकडलेल्या अंड्याचा बलक ठेवला. कशाकडेही बघत नाही. ड्रॉपरने पाणी पाजायला गेले तर शिंकल्यासारखं केलं, मी घाबरून सोडून दिलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर २७ ग्रॅम भरलं. डोळे मिटून बसतं, मधूनच बारीक आवाजात चिवचिवतं.

मुलगा सातवीत आहे, संध्याकाळपासून खोक्यापाशी बसलाय. उद्या शाळा आहे त्याला. आत्या म्हणतात, "रातभर टिकलं तर टिकलं." काहीतरी सांगा.

कंदी_पेढा | रविवार, रात्री ९:५२

गुळाचं पाणी. चमच्याने पाजा, लगेच तरतरी येते. आम्ही नेहमी तेच करतो.

तानपुरा_मिरज | रविवार, रात्री ९:५८

चमच्याने पाजू नका हो! ते शिंकलं म्हणजे पाणी श्वासाच्या नळीत गेलं होतं. नशीब थोडक्यावर निभावलं.

आणि ताई, एक विचारतो. नऊ वॅटचा बल्ब म्हणजे एलईडीच ना? मग तुम्ही त्या पिल्लाला दिवसभर नुसता उजेड दिलाय, ऊब दिलेलीच नाही. जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त फेकायचा, म्हणून आपण त्याच्याखाली पिल्लं वाढवत आलो. नऊ वॅटची एलईडी तेवढाच उजेड पाडते, पण खोकं तापवायच्या कामाची नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलं होतं. दोन पिल्लं सकाळी ताठ. बल्ब लख्ख पेटलेला होता.

आत्ताच्या आत्ता त्याचे पाय गालाला लावून बघा. गार लागले तर दाणा, पाणी, गूळ सगळं बाजूला ठेवा.

वाघ्या_घेवडा | रविवार, रात्री १०:०६

पाय बर्फासारखे आहेत. एलईडीच आहे. मला हे डोक्यातच आलं नाही.

पिवळा बल्ब घरात नाही, दुकानं बंद. काय करू?

माणगंगा | रविवार, रात्री १०:११

बाटली. प्लास्टिकच्या लिटरच्या बाटलीत कढत पाणी भरा, पण उकळतं नको. टॉवेलचा एक वेढा घाला आणि खोक्यात एका कडेला आडवी ठेवा. पिल्लू तिला टेकवा. खोक्याची दुसरी कड मोकळी ठेवा, म्हणजे जास्त झालं तर त्याला सरकता येईल. वरून जुनी सुती ओढणी टाका, हवा जायला फट ठेवा. दीड-दोन तासांनी पाणी बदलायचं. गजर लावा.

बाटली तयार होईपर्यंत पिल्लू हातात धरू नका, अंगाशी धरा. आमची आजी असलं पिल्लू पदराच्या गाठीत बांधून भाकरी थापायची. चुलीच्या धगीत एका बाजूला आजी, एका बाजूला पिल्लू. तासाभरात पदरातून ओरडायला लागायचं. चूल असेल तर वैलाच्या शेजारी डालगं ठेवा, मांजर सांभाळून. कोळशाची शेगडी मात्र दार लावलेल्या खोलीत अजिबात नको. पिल्लाचं राहू द्या, माणसं झोपेत जातात त्याने.

वाघ्या_घेवडा | रविवार, रात्री १०:२०

बाटली ठेवली. तोवर मुलाने स्वेटरच्या आत घेतलं होतं, काढायला तयार नव्हता.

शिरवळ_होस्टेल | रविवार, रात्री १०:४५

मी शिरवळला पशुवैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला आहे. म्हणजे अजून डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

ताई, ते खात नाही याची आज रात्री काळजी करू नका. बाहेर यायच्या सुमारास पिल्लू अंड्यात उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढून घेतं. आईने बांधून दिलेली शिदोरीच ती. ती ४८ ते ७२ तास पुरते. म्हणून तर हॅचऱ्या एका दिवसाची पिल्लं खोक्यात भरून शेकडो किलोमीटर लांब पाठवू शकतात. तुमचं आज पहाटेचं आहे, तेव्हा बुधवार पहाट ही शेवटची हद्द धरा. याचा अर्थ मुद्दाम उपाशी ठेवा असा नाही. लवकर खायला लागलेलं पिल्लू पुढे चांगलंच वाढतं. पण आज दाणा गेला नाही म्हणून ते मरणार नाही, गारठ्याने मात्र रात्रीत जाईल. पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखताच येत नाही. अंग गार पडलं की पोटातलं जिरत नाही, आणि जिरत नाही तर भूक कुठली? गार पिल्लाच्या तोंडात जबरदस्तीने बलक कोंबला तर तो गळ्याखालच्या पिशवीत आंबतो. तेव्हा आधी ऊब, मग पाणी, दाणा सगळ्यात शेवटी.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ डिग्री सेल्सिअस लागतात, मग दर आठवड्याला साधारण तीन-तीन डिग्री कमी. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालणार नाही, पाऱ्याचा तर ३५ च्या खालचं दाखवतच नाही. नसू दे, पिल्लूच सांगतं. बाटलीला चिकटून कर्कश ओरडत असेल तर कमी पडतंय. लांब जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर जास्त झालंय. आडवं पसरून मुकाट झोपलं की बरोबर.

पाय गरम झाल्यावर पाणी. कपभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा साखर किंवा गूळ, आणि हे फक्त पहिल्या दिवसापुरतं. नंतर साधं पाणी, नाहीतर शी चिकट होते. चोच उघडायची नाही. पिल्लाच्या जिभेच्या बुडाशी श्वासनळीचं तोंड असतं, ओतलेलं सरळ तिथेच जातं. बोटाच्या टोकावर थेंब घ्या आणि चोचीच्या कडेला, दोन्ही चोची मिळतात तिथे टेकवा. थेंब आपोआप आत ओढला जातो. पिल्लाने मान वर केली की गिळलं. मग पुढचा थेंब.

उद्या उजेडात बेंबी बघून सांगा. कोरडी, बारीक काळी खपली असेल तर उत्तम. ओली, सुजलेली, घाण वास मारणारी असेल तर जंतू गेलेत. तिथे घरचा उपाय चालत नाही, आणि खरं सांगायचं तर दवाखान्यातला पण फारसा चालत नाही.

आणि घरातल्या माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून घालायचा सल्ला कोणी देईलच. नका घालू.

कंदी_पेढा | रविवार, रात्री १०:५०

मी गूळच म्हणालो होतो 🙂

बेदाणा | रविवार, रात्री ११:१५

कटू बोलतो, राग मानू नका. तासगावजवळ माझी ब्रॉयलरची दोन हजारांची शेड आहे. दर बॅचला पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस मर धरूनच चालतो. जे मागे पडतं ते मागेच राहतं. त्याच्यामागे रात्र घालवायची आणि महिन्याने ते मुठीएवढंच राहायचं, वर रोग आणायचं. बाकीच्या आठांकडे बघा. कोंबडीने टाकलं ते उगाच टाकलं नाही, तिला कळतं.

माणगंगा | रविवार, रात्री ११:२२

दोन हजारांतलं एक आणि नवांतलं एक यात फरक आहे हो शेठ. आणि सातवीतल्या पोराला "मर धरूनच चालतो" सांगून झोपवायचं का?

बेदाणा | रविवार, रात्री ११:२९

पोराचं सांगितलं ते मान्य. मग निदान खोक्यातलं वर्तमानपत्र काढा. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, दोन दिवसांत मांड्या बाहेर वळतात आणि मग पिल्लू उभंच राहत नाही. गोणपाटाचा तुकडा टाका. माझ्या शेडमध्ये भाताचं तूस असतं, पण एकट्या अशक्त पिल्लाला तूसही नको, दाणा समजून तेच खातं.

वाघ्या_घेवडा | सोमवार, रात्री १:१५

जागं आहे का कोणी?

पाय गरम झालेत. आणि ओरडतंय! मघाशी कान लावून ऐकावं लागत होतं, आता आत्यांनी पलीकडच्या खोलीतून विचारलं, "काय गं, आठवं पण आणलंस का घरात?" बोटावरून साखरेचे तीन थेंब घेतले. तिन्ही वेळा मान वर केली. चौथ्याला झोपलं.

गोणपाट घातलं. बेदाणा दादा, धन्यवाद.

तानपुरा_मिरज | सोमवार, रात्री १:२१

जागा आहे. झोपा आता. तीनचा गजर लावा, बाटलीसाठी.

वाघ्या_घेवडा | सोमवार, सकाळी ८:३०

बेंबी कोरडी आहे, मोहरीएवढी काळी खपली. वास नाही. वजन २६. एक ग्रॅम कमी झालं. पाणी चोचीला लावलं की पितं, पण वाटीतून आपण होऊन पीत नाही. दाण्याला तोंड लावलेलं नाही. मी कण्यांवर बोटाने टकटक केलं, ते माझ्याकडे बघत राहतं.

पिवळा बल्ब मिळवायला तीन दुकानं फिरले. दोघांनी "आता कोण वापरतंय" म्हणून हसून पाठवलं, तिसऱ्याने माळ्यावरून धुळीसकट काढून दिला. ६० वॅट. तो आणि बाटली दोन्ही ठेवणार आहे, कारण दुपारी लाईट जाते.

शिरवळ_होस्टेल | सोमवार, सकाळी ९:०५

एक ग्रॅम जाणारच, बलक वापरला जातोय. पाणी आणखी उथळ हवं. बाटलीचं झाकण घ्या, त्यात दोन-तीन स्वच्छ खडे टाका. पिल्लं वाटीत बुडून मरतात, आणि खड्यांमुळे चमक दिसून चोच मारतात. दिवसातून चार-पाच वेळा चोचीचं नुसतं टोक पाण्याला टेकवा. नाकपुड्या बुडू देऊ नका.

रिटायर्ड_दवाखाना | सोमवार, सकाळी ११:४०

आयुष्यभर जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता मिरजेकडे शेती करतो. मुलीने दाखवला धागा.

ताई, एक प्रश्न. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवली होती का? सासूबाईंना नीट विचारा. आठ पिल्लं एका दमात निघतात आणि नववं दोन दिवसांनी, हे सहसा होत नाही.

दुसरं. एकट्या पिल्लाला खायला शिकवायला माणूस कमी पडतो. कोंबडी दाणा चोचीत धरते, टाकते, पुन्हा धरते आणि तोंडाने कुक्-कुक् करत राहते. पिल्लू त्या आवाजावर येतं आणि बाकीच्यांचं बघून टोचतं. तुमच्याकडे आठ मास्तर अंगणात मोकळे फिरतायत. त्यातलं एक, सगळ्यात दांडगं नव्हे, मधल्या अंगाचं, आणून खोक्यात ठेवा. दांडगं असलं तर डोळे टोचतं.

तिसरं. घमेल्याची गंमत. आमच्या लहानपणी निपचित पडलेलं पिल्लू घमेल्याखाली झाकून वर काठीने वाजवत बसायचे. पिल्लू उठायचं आणि सगळे म्हणायचे वाजवल्याने जीव आला. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षापर्यंत तसंच वाटायचं. मग लक्षात आलं की घमेलं उन्हात ठेवलेलं असायचं. लोखंडी घमेलं उन्हात तापतं, खाली भट्टीसारखी ऊब धरतं. वाजवणारी पोरं फुकट मान घेऊन जायची.

शिरवळच्या पोरा, छान लिहितोस. तुमच्या कॉलेजला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे. ते आमच्या वाळव्याचे, येडेमच्छिंद्रचे. गाव विसरू नकोस एवढंच.

शिरवळ_होस्टेल | सोमवार, दुपारी १२:१०

नाही विसरत काका 🙏

वाघ्या_घेवडा | सोमवार, दुपारी १:३५

काका, तुम्ही कसं ओळखलंत?

आत्यांना विचारलं. आधी "एकाच दिवशी" म्हणाल्या. मग जेवताना म्हणाल्या, "तशी दोन मागनं सरकवली होती." नऊ अंडी शुक्रवारी ठेवलेली. रविवारी नणंद साताऱ्याहून आली, तिने चांगल्या जातीच्या कोंबडीची म्हणून दोन अंडी आणली होती, ती आत्यांनी कोंबडीखाली घातली. कोणाला सांगितलं नाही, कारण मामांनी (सासरे) अकराच्या वर अंडी ठेवू नको म्हटलं होतं आणि अकराच झाली, मग सांगायचं काय!

रिटायर्ड_दवाखाना | सोमवार, दुपारी २:००

मग हिशेब करा. शुक्रवारची नऊ शुक्रवारी एकविसाव्या दिवशी फुटली. रविवारी ठेवलेलं रविवारी फुटलं, तेही बरोबर एकविसाव्या दिवशी. तुमचं पिल्लू उशिरा आलेलं नाही, अशक्त म्हणून मागे पडलेलं नाही. ते त्याच्या दिवशी आलं. कोंबडीचा हिशेब आधीच संपला होता. पहिली पिल्लं निघाली की ती एक-दोन दिवस वाट बघते, मग दाण्यापाण्यासाठी उठावंच लागतं तिला. बाकीचे आठ भुकेने तिला उठवतात. बेदाणा म्हणतात तसं तिला काही कळलं वगैरे नाही.

दुसरं अंडंही नणंदेचंच असणार, भरलेलं पण न फुटलेलं. शेवटच्या दिवशी कोंबडी उठली की ते गार पडतं.

बेदाणा | सोमवार, दुपारी २:३०

मान्य. शब्द मागे घेतो. फक्त त्या पिल्लापुरते.

हळद_वायदा | सोमवार, दुपारी ३:१५

अवांतर: चांगल्या जातीची म्हणजे कडकनाथ का? जपून. आमच्या वाळवा तालुक्यात २०१९ ला कडकनाथाच्या नावाने पैसे देऊन माणसं काय रडली आहेत...

संपादक | सोमवार, दुपारी ३:२०

कडकनाथासाठी वेगळा धागा काढा. इथे पिल्लू.

वाघ्या_घेवडा | सोमवार, संध्याकाळी ७:१०

गडबड झालीय. दुपारी एक बहीण (की भाऊ) आणून सोडला. तो खातो, हे बघतं. एवढंच. पण आत्ता बघितलं तर ह्याच्या शेपटाखाली पांढरी-पिवळी शी वाळून डाग दिल्यासारखी चिकटलीय. शी करायला जोर लावतं आणि ओरडतं. पांढरी हगवण म्हणजे तो साल्मोनेलाचा रोग का?

शिरवळ_होस्टेल | सोमवार, संध्याकाळी ७:१८

घाबरू नका. तो रोग असता तर आठातली दोन-चार पंख पाडून बसली असती. एकट्यालाच आहे आणि काल गारठा झालाय, साखरही गेलीय. बूड बंद झालंय, ते उघडलं नाही तर मात्र मरेल, म्हणून आत्ताच करा.

कोमट पाणी, कापूस. ओला कापूस चिकटलेल्या शीवर धरून ठेवायचा, मिनिट-दोन मिनिटं, नुसता धरून. मऊ झालं की आपोआप निघतं. ओढायचं नाही, कातडी आणि पिसं सोबत येतात. आणि बेंबी कुठे आहे ते बघून घ्या. ती पोटावर, पुढे असते. बूड मागे, शेपटाखाली. लोक घाईत बेंबीची खपली उपटतात आणि आतडं बाहेर येतं. झाल्यावर कोरडं करा, बोटभर खोबरेल लावा, लगेच बल्बखाली. साखर बंद, साधं पाणी.

वाघ्या_घेवडा | सोमवार, रात्री ८:०५

केलं. आत्यांनी पिल्लू पालथं धरलं, मी कापूस. पहिल्या कापसाने काहीच नाही. दुसरा कापूस धरल्यावर कडा सुटल्या. तिसऱ्याला आख्खा खडा माझ्या बोटावर आला, हरभऱ्याच्या डाळीएवढा, आणि त्याच्यामागोमाग बाकीचं सगळं पिचकारीसारखं आत्यांच्या पातळावर. आत्या म्हणाल्या, "आता जगतंय."

तानपुरा_मिरज | सोमवार, रात्री ८:०८

पातळावर आलं म्हणजे आतून वाट मोकळी आहे 😄

आशा_वाई | सोमवार, रात्री ९:००

वाचनखूण साठवली. आमची कोंबडी परवाच खुडूक बसलीय, अंडी ठेवायची आहेत.

रिटायर्ड_दवाखाना | सोमवार, रात्री ९:२५

आशाताई, दोन-तीन दिवस अंडी कोठीच्या खोलीत गार जागी साठवा आणि सगळी एकाच वेळी, एकाच संध्याकाळी ठेवा. कोळशाने प्रत्येकावर खूण करा. मागाहून तिच्याखाली कोणी घातलं, शेजारच्या कोंबडीने जरी घातलं, तरी खूण नसलेलं दिसतं आणि काढता येतं.

वाघ्या_घेवडा | मंगळवार, सकाळी ७:२०

५० तास होऊन गेले. बूड स्वच्छ आहे. वजन २५. झाकणातून आपण होऊन पाणी प्यायलं, दोनदा. दाणा नाही. खोक्यातला जोडीदार कण्या उडवून खातोय, हे त्याच्या अंगाला टेकून झोपतं. मला धास्ती वाटायला लागलीय.

माणगंगा | मंगळवार, सकाळी ७:४४

कण्या पांढऱ्या आणि गोणपाट कसलं? फिकट असेल तर त्याला दिसतच नसेल. गडद कापड घालून बघा. आणि दाणा भांड्यात ठेवू नका, पायाखाली पसरा. पिल्लं पायाशी टोचतात, ताटात जेवत नाहीत.

वाघ्या_घेवडा | मंगळवार, दुपारी ४:५०

खाल्लं!! ऐका.

मुलगा शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि हात खोक्यात. त्याच्या पहिल्या बोटावर पेनची निळी शाई लागलेली, एक ठिपका. पिल्लू उठलं, मान तिरकी केली, एका डोळ्याने त्या ठिपक्याकडे बघितलं, आणि टक्. परत टक्. दोन दिवसांत पहिल्यांदा कशाला तरी चोच मारली, तर ती शाईला.

मुलाने आवाज न करता मला बोलावलं (हाच मुलगा घर डोक्यावर घेतो). मी बलकाचा चुरा चिमटीत धरून आणला, त्याच्या बोटावर ठिपक्याशेजारीच लावला. पिल्लाने शाईला मारायला चोच आणली ती बलकावर पडली. थांबलं. चोच हलवली. परत मारली, या वेळी बलकालाच. आठ-दहा वेळा. मग बोट हळूहळू गोणपाटावर टेकवलं, चुरा पायाशी सांडला, तर खालचाही टिपला. माणगंगा ताई म्हणाल्या तसं आत्यांच्या काळ्या ब्लाऊजपिसाचा तुकडा अंथरला आणि त्यावर कण्या टाकल्या. आता दोघंही टोचतायत.

हात धुऊन घे म्हटलं तर नको म्हणतो, ठिपका जाईल म्हणून.

तानपुरा_मिरज | मंगळवार, संध्याकाळी ५:०२

वाह! पिल्लांना चमकदार, उठून दिसणारा ठिपका दिसला की टोचल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे बायकोच्या नेलपॉलिशला टोचायची.

बेदाणा | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

बलक आज-उद्यापुरताच ठेवा, आणि तासाभराच्या वर खोक्यात राहू देऊ नका, आंबतो, मुंग्या येतात. मग चिक स्टार्टरचा (पिल्लांच्या तयार खाद्याचा) चुरा आणा. किलो-दोन किलो सुटा मिळतो. नुसत्या कण्यांवर पोट भरतं, पण अंग धरत नाही. त्याला प्रथिनं लागतात, स्टार्टरमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास असतात. माझ्याकडे पोतं फुटलेलं आहे, जवळ असता तर दिलं असतं.

(हो, मीच लिहितोय हे.)

वाघ्या_घेवडा | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

😊 कोंबडीकडे परत सोडू का? मगाशी अंगणात दाखवलं तर तिने मान फुगवून चोच मारली.

रिटायर्ड_दवाखाना | मंगळवार, रात्री ८:४०

दिवसा नाही. दिवसा ती मोजते. आज नको, उद्या दिवसभर खाऊ द्या. उद्या अंधार पडल्यावर, ती बाकीच्यांना पोटाखाली घेऊन डोळे मिटून बसली की मागच्या बाजूने, बॅटरी न लावता, पंखाखाली सरकवा. जोडीदारालाही त्याच्याबरोबरच. पहाटे उजाडायच्या आधी तिथे जाऊन बसा. तिने मारलं तर उचलून घरात आणा आणि बल्बखालीच वाढवा. काही बिघडत नाही.

वाघ्या_घेवडा | गुरुवार, सकाळी ६:५५

काल रात्री सरकवलं. तिने एकदा खर्रर्र केलं, पंख उचलला आणि परत मिटला. मी, मुलगा आणि आत्या तिघंही पहाटे पाचपासून स्वेटर घालून गोठ्याच्या दारात. थंडी म्हणजे काय थंडी. उजाडल्यावर एकेक बाहेर आलं. आम्ही मोजतोय. सात, आठ... नववं तिच्या पाठीवर चढून बसलेलं होतं!

मारलं नाही. उकिरड्यावर गेली तेव्हा हे सगळ्यात मागे, पण पळत. बाकीच्यांच्या निम्मं दिसतं. दुपारी अर्धा तास घरात आणून वेगळा स्टार्टर देणार आहे, कारण आठ जण त्याला दाण्यापर्यंत पोचू देत नाहीत. वजन २९.

शिरवळ_होस्टेल | गुरुवार, सकाळी ७:३०

क्या बात! आता मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस विसरू नका. लासोटा किंवा एफ-१, पाचव्या ते सातव्या दिवशी देतात. तुमची आठ आज सहा दिवसांची झाली, हे चार दिवसांचं. रविवारी सगळ्यांना एकदमच द्या, दोन दिवस इकडेतिकडे चालतात. फक्त त्या दिवशी नववं मरगळलेलं दिसलं तर त्याला वगळून नंतर द्या. अशक्त पिल्लाला लस देत नाहीत.

वाघ्या_घेवडा | गुरुवार, सकाळी ९:१०

दवाखान्यात फोन केला. कुपी १०० पिल्लांची येते म्हणाले. नऊ पिल्लांसाठी शंभरची?

रिटायर्ड_दवाखाना | गुरुवार, सकाळी ९:४०

सगळीकडे हीच अडचण, म्हणून गावात कोणी लस देत नाही आणि मग मानमोडी आली की खुराडीच्या खुराडी रिकामी. शेजारी विचारा. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, उरलेली ठेवता येत नाही. आणताना बर्फात, देतानाही बर्फात, ऊन लागू द्यायचं नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उरका.

वाघ्या_घेवडा | शनिवार, रात्री ८:३०

तीन घरांत विचारलं. आमची ९, पलीकडच्या काकूंची १४, वरच्या आळीतली ११ आणि ७. एकूण ४१ झाली. उद्या सकाळी सातला आमच्या ओट्यावर. बर्फ मासेवाल्याकडे सांगितलाय, तो म्हणाला थंडीत कशाला. थर्मास मुलाचा शाळेचा.

नववं ३३ ग्रॅम. थेंब डोळ्यात घालायचा की नाकात?

रिटायर्ड_दवाखाना | शनिवार, रात्री ८:५२

डोळ्यात. एकच. डोळा मिचकावेपर्यंत हातातून सोडायचं नाही.